ड्युलुथचा गुरुवार

एली, मिनेसोटा
९ फेब्रुवारी

लाडके आर्डे,

तू बरी आहेस असं धरून चालते, कारण नसलीस तरी सांगणार नाहीस. इथे तळं अजून दगडासारखं गोठलेलं आहे. कर्टचा गुडघा ठीक. काल त्याने बर्फाला भोक पाडून मासे धरले, आणि न साफ करता सिंकमध्ये टाकून हॉकी बघत बसला. मी काही बोलले नाही. म्हणजे बोललेच.

परवा फोनवर तू ते भाषण वाचून दाखवलंस, तेव्हा मी "छान आहे" म्हटलं आणि विषय सूपवर नेला. तेव्हापासून चैन नाही. तोंडावर बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

"मी एक मोडलेली स्त्री आहे," असं त्यात आहे. हे तुझं वाक्य नाही गं. लहानपणी गवताच्या माळ्यावरून पडलीस, हाड बाहेर दिसत होतं, तरी बाबांना म्हणालीस, "पाय जरा वेगळा वाटतोय." हे भाषण औषध कंपनीच्या त्या बाईने लिहिलंय. बाई गोड आहे, मान्य. विमानाचं तिकीट देते, हॉटेल देते, सगळ्यांना सारखा जांभळा स्कार्फ देते. वॉशिंग्टनला सरकारी समितीपुढे तो घालून तुम्ही सांगायचं, की नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही हा आमचा आजार आहे, या गोळीला परवानगी द्या.

तिने आधी मला बोलावलं होतं. हे तुला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मी त्याच गोळीच्या चाचणीत होते. हो, मी. हसू नकोस.

निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना रिकामी. कुणाला कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. गोळीने चक्कर येते, म्हणून तपासणीच्या दिवशी बाईने गाडी चालवायची नाही, असा नियम. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कर्टला खाणीतून रजा काढून मला ड्युलुथच्या दवाखान्यात न्यावं लागे. दोन तास जायला, दोन यायला. पहिल्या खेपेला तो फक्त हरणांबद्दल बोलला.

मग एकदा, रस्त्यावरची नजर न काढता, त्याने विचारलं, "मार्लिस, मी जवळ आलो की तू भिंतीकडे का तोंड करतेस?"

मी म्हटलं, "दिवसभर तुला मी आठवत नाही. दिवा मालवला की एकदम आठवते."

तो बराच वेळ वायपर चालवत राहिला. पाऊस नव्हता.

त्यानंतर मात्र आम्ही बोललो. परत येताना वाटेत थांबून आंबटगोड रुबार्ब-पाईचा एक तुकडा, दोन काटे. उन्हाळ्यात शनिवारी अंगणातली वाफेची सौना पेटवली की आम्ही पुन्हा एकत्र आत जाऊ लागलो, आणि लाजत लिहिते, मला हवंहवंसं वाटू लागलं. नर्सला सांगितलं, तुमची गोळी जादूची आहे. कंपनी खूश. लगेच त्या बाईचा फोन, भाषणाला याल का.

चाचणी संपल्यावर कळलं, माझी गोळी रिकामी होती. त्या बाईचा पुन्हा फोन आला नाही. मी गाडीत बसून आधी हसले, मग रडले. कर्ट म्हणाला, "म्हणजे माझं पेट्रोल वाया गेलं नाही."

आता खरं ते लिहिते. तुझ्या डॉक्टरने पाच प्रश्न विचारून आजाराचं नाव सांगितलं. तू झोपतेस कधी, हे विचारलं का? वृद्धाश्रमात रात्रपाळी, दिवसा सासूला, ड्वेनच्या आईला, भरवणं, धुणं, कूस बदलणं. आणि तुझा नवरा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांदेखत टर्कीचा पाय हातात घेऊन म्हणाला, "आमच्या घरची भट्टी कायमची विझलीय." तू हसलीस. टेबलाखाली तू रुमालाच्या चिंध्या करत होतीस, ते मला दिसलं. मला त्याचा इतका राग आला, की मी त्याला आणखी बटाटे वाढले.

काही बायकांना ती गोळी लागू पडत असेल, मी त्यांच्या आड येत नाही. पण तुझ्या सोफ्यावर जे बसलंय, त्यावर गोळी निघालेली नाही. तुला आजारी म्हटलं की त्याला उठावं लागत नाही, आणि कंपनीला गिऱ्हाईक मिळतं. तू तेवढी मोडलेली ठरतेस. मला ते सहन होत नाही, आर्डे.

तरी जायचंच ठरवलंस, तर मी येईन. शेजारी बसेन, तो स्कार्फसुद्धा घालेन, जांभळा आपल्या दोघींनाही शोभत नसला तरी. फक्त बोलशील ते तुझं बोल.

पण आधी इकडे ये. शुक्रवारी कर्ट फार्गोला तुला न्यायला येतोय. त्याने ड्वेनला स्वतः फोन केला. मी शेजारीच उभी होते. म्हणाला, "आईला तू भरव. आर्डीस आमच्याकडे झोपायला येतेय."

ड्वेनने विचारलं, "किती दिवस?"

कर्ट म्हणाला, "झोप होईपर्यंत."

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही घरी नसू. तपासण्या संपल्या तरी ड्युलुथला जातोच, आणि मला चक्कर येत नसली तरी गाडी तोच चालवतो. तू उठलीस तर सूप चुलीवर असेल. नाही उठलीस तरी चालेल.

वरच्या खोलीत पलंग घालून ठेवलाय,
तुझी मार्लिस