पैलवानाचे भाऊ

४ मार्च

— आणि आमच्या पैदास केंद्राच्या साहेबांनी कोंबड्याच्या पोटात बोटं रुतवली. डोळे मिटले, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. "हा रोडका पैदाशीला ठेवा. तो दुसरा काढून टाका. नुसती चरबी आहे!"

तो दुसरा म्हणजे पैलवान.

मी म्हणाले, पोटातली चरबी बाहेरून कळत नाही. कापावं लागतं. कापलेल्याची पिल्लं होत नाहीत, म्हणून आपण त्याचे भाऊ कापतो. रोडक्याच्या भावांच्या पोटात चरबीचे गोळे निघाले. पैलवानाचे भाऊ आतून स्वच्छ. वजन सगळं मांसाचं. खाणं दोन्ही घराण्यांना एकच. फरक रक्तातला.

"अहो बाई, मी जन्मभर कोंबड्या चाचपतोय!"

चाचपा.

५ मार्च

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भावाचं पोट फाडायचं आणि याला शाबासकी? धन्य आहे तुमच्या शास्त्राची!"

८ मार्च

साहेबांनी जेवणात तिसऱ्यांदा वाढून घेतलं. वर, "खाण्यानं नाही हो, आमच्या घराण्यातच आहे. वडील असेच, काका असेच."

स्वतःच्या पोटाला काका-वडील साक्षीला. पैलवानाचे सख्खे भाऊ मात्र अफवा!

९ मार्च

पैलवानाला त्याच्या कोंबड्यांत सोडलं. विचारलं नाही कुणाला. चार पिढ्या निवडत आले, तेव्हा असा एक नर हाती लागला. हा गेला तर पुन्हा पहिल्यापासून.

१२ मार्च

वरिष्ठ पाहुणे आले. संध्याकाळी पैलवान जागेवर नाही. स्वयंपाकी मान खाली घालून म्हणाला, "साहेबच म्हणाले बाई, तो जाडा कापा."

जेवायला बोलावलं होतं. गेले नाही.

१३ मार्च

साहेब तणतणत आले. "पाहुण्यांसमोर शोभा झाली! सुपावर तवंग नाही, पिवळा थेंब नाही! जाडा म्हणून दिला होता ना तो?"

"जाडाच होता, साहेब."

"मग चरबी कुठे गेली?"

चार पिढ्यांचं उत्तर वाटीत होतं. पिऊन टाकलं, आणि आता मलाच प्रश्न!

१४ मार्च

कोंबडा गेला तरी त्याचं बीज कोंबडीच्या पोटात आठवडाभर टिकतं. सकाळी पैलवानाच्या कोंबड्यांची पाच अंडी मिळाली. उबवायला ठेवली.