दहापैकी आठ

५ डिसेंबर, मंगळवार

आज परत आठ!

मनकर्णाबाईंचा गुडघा बदलला, तेव्हा मांडीतली नस बधिर करायला माझं नवं औषध वापरलं. प्रबंधाचा विषयच तो — या औषधानं नंतरचं दुखणं कमी होतं की नाही. बाकीचे पेशंट दुखणं दहापैकी दोन सांगतात, तीन सांगतात. या आजी आठ. अन् चेहरा लग्नाला आल्यासारखा!

"आजी, किती दुखतंय?" विचारलं की सूनच बोलते. सरूबाई. "आठ हाय म्याडम. लई तळमळत्यात." मग आजी सुनेकडं बघतात आणि कण्हतात. आधी नाही, मग!

६ डिसेंबर

प्रबंधाचे गाईड सर कडाडले. "औषध फेल आहे, का तुझा हात?" सगळ्या वॉर्डासमोर!

सोनोग्राफीत नस चांगली दिसत होती. तरी सुई चुकली असेल तर? म्हातारी माझ्यामुळं तळमळत असेल तर? जेवण गेलं नाही.

७ डिसेंबर

आठ. मरो तो प्रबंध.

८ डिसेंबर

आजींचा मुलगा आला फुलंब्रीकडून. पुंजाराम. "कवा सोडता म्याडम? कापूस वेचायचा ऱ्हायलाय, दोन म्हशी हायेत. सैपाक आमी गडीमाणसं करतोय!" शेवटचं असं बोलला, जसं काही आभाळच कोसळलं. म्हटलं, दुखणं उतरलं की सोडू.

आजींचं दुखणं तिथल्या तिथं नऊ झालं.

९ डिसेंबर, शनिवार

सापडल्या! गेटबाहेर, भज्यांच्या गाड्यावर! वॉकर भिंतीला टेकवलेला, आजी बाकड्यावर गुडघा मस्त वाकवून बसलेल्या. सून गुलमंडीच्या बाजारातून आणलेला ब्लाऊजपीस त्यांच्या खांद्यावर लावून बघतेय. दोघी हसून बेजार. मला पाहिलं अन् आजींनी गुडघा धरला — तोही दुसराच!

लई भडकले मी. "माझी झोप उडवली तुम्ही! खरं सांगा, किती दुखतंय?"

"दोन," आजी म्हणाल्या. "पर दोन म्हणलं की घरी धाडता नव्हं? बाई, लगीन झाल्यापासून आयतं ताट हितंच बघितलं मी."

"अन् आत्याबाईशी बोलाया तरी कवा घावतंय मला?" सरूबाई सासूकडं बघत म्हणाली. "घरी नुसतं भाकरी झाली का, धार काढली का."

राग काही गेला नाही. भजी मात्र खाल्ली. औषध चालतंय — देवा, हात चुकला नव्हता माझा!

१० डिसेंबर

सरांना सगळं सांगितलं. आधी तापले, मग खो खो हसले. आजींचे आकडे प्रबंधातून बाद. यापुढं नातेवाइकांना बाहेर काढूनच विचारायचं म्हणाले.

आजींना सोडलं. पुंजारामला दम दिला — टाके काढायला सुनेलाच सोबत पाठवायचं, अन् मुक्कामाच्या तयारीनं! तो "व्हय म्याडम, व्हय म्याडम" करत राहिला. त्याच्या पाठीमागं दोघींनी पदर तोंडात कोंबले होते.

११ डिसेंबर

गावी आईला फोन लावला. "कुठं दुखतंय का गं?" "नाय गं, मला काय धाड भरलीय!" नेहमीचंच. मग गंमत म्हणून आजी-सुनेचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. आई हसलीच नाही. मग हळू आवाजात, कुणी ऐकत नाही ना असं बघून बोलावं तसं —

"किती सांगितलं म्हंजे ठिवून घेत्यात गं?"