मुऱ्हाळ्याविना बोलावणं

ती. शिवगंगाअक्का,

धाकट्या भावाचा, अण्णारावचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडं लोह्यात समदे बरे हायेत. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला कसा हाय ते कळव. विचारायला तोंड न्हाई, तरी विचारून राहिलो.

आमच्या शाळेत यंदा एआय आलं. वेळ वाचतो म्हणे. हेडमास्तर पयले दोन ओळींची नोटीस काढायचे, आता चार पानांची काढतात (लिहायचे कष्टच न्हाईत ना). ती वाचायला फुरसत कुणाला? आम्ही यंत्रालाच म्हणतो, थोडक्यात सांग. मग त्याच्याकडूनच लांबलचक उत्तर लिहून घेतो, आणि हेडमास्तर ते पुन्हा यंत्राकडून थोडक्यात करून घेतात. मास्तरलोकांना दिवसभर मान वर करायला सवड न्हाई, आणि सहावीच्या पोरांना भागाकार अजून येत न्हाई. हे डोळ्यांनी दिसत होतं, तरी आपल्या पोरीचं, वर्षाराणीचं, लग्न निघालं तसं मला वाटलं, गावोगाव बोलवत हिंडण्यापरीस हेच बरं. पाव्हण्यांची नावं-नाती सांगितली, आणि चहा व्हायच्या आत ज्याला त्याला अलग बोलावणं गेलं. तुझ्या भावजयीला, तारामतीला, ऐटीत म्हटलं, बघ, आठ दिवसांचं काम.

तुला काय गेलं ते मी काल वाचलं. 'आपल्याशी असलेले दीर्घकालीन संबंध आम्ही मोलाचे मानतो.' जिच्या पाठीवर जन्मलो तिला हे! तुझ्याकडून उत्तर आलं, 'आपल्या सस्नेह निमंत्रणाबद्दल आभारी आहोत.' मी खूश, अक्का येणार म्हणून. ते तुझ्या पोरानं, सत्यमनं, यंत्राकडून लिहून घेतलं होतं, हे दाजींचा फोन आला तवा कळलं. म्हणजे यंत्रायंत्रांची सोयरीक जमली, आणि भाऊबहिणीची तुटायला आली. दाजी म्हणाले, "ती म्हणती, मुऱ्हाळी आला न्हाई, मी कशी जाऊ?" बहिणीला न्यायला भावानं मुऱ्हाळी होऊन दारात उभं राहावं लागतं, हे मला कुणी शिकवायला पाहिजे होतं का? वाचलेल्या वेळात मी काय केलं, तेही सांगतो. खाटेवर पडून बाकीच्यांची उत्तरं वाचली. लई लाज वाटून राहिली, अक्का.

वर्षाराणी म्हणती, आत्याचा हात लागल्याबगर मी हळदीला बसणार न्हाई. हळद परवा हाय. मला मांडवाच्या गडबडीत निघता येत न्हाई, तवा हे पत्रच मुऱ्हाळी समज आणि सत्यमला घेऊन ये.

तुझाच,
अण्णाराव

ता. क. मांडवाचं खोटं हाय. मांडव तारामतीचा भाऊ बघतोय.

ता. क. दुसरा. मी निलंग्याच्या स्टँडवर बसून हे लिहून राहिलो. तुझ्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरलो, कडी वाजवायला हात उचलंना. पत्र आणणाऱ्या ऑटोवाल्याला, मलप्पाला, थांबवून ठेव. यायचं असलं तर पिशवी भरून त्याच्याच ऑटोत बस. न्हाई तर त्याला सांग, मी येतो दारात, मग पोटभर शिव्या दे. तेवढ्या मात्र सत्यमकडून लिहून घेऊ नको.