नात्याचा रकाना

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मोठा प्राध्यापक झालास, पण पत्र लिहायचा तुझा आळस काही गेला नाही.

आमचा अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला. आमचं पत्रसंग्रहालय, कोशवाल्यांचं कार्यालय आणि नाटकवाल्यांचं ग्रंथालय, तिघांना एका अर्जावर आणायला मला दोन वर्षं लागली. विळ्या-भोपळ्याचं सख्य असलेली माणसं एका टेबलाशी बसू लागली होती. तिघांकडच्या जुन्या ध्वनिफिती मिळून वाचवायच्या होत्या. त्या आता हात लावला तरी तुटतात.

परीक्षकांनी लिहिलंय की हे हौशी मंडळींचं काम आहे, यात संशोधनाची शिस्त नाही. ते वाचून कोशवाले भडकले. माझ्यामुळे त्यांचंही नाक कापलं गेलं, असं म्हणून बाहेर पडले. मला वाईट वाटलंच, पण लाज जास्त वाटली. तीस वर्षं मी नुसती हौसच केली की काय? तू जाणकार आहेस. अर्ज सोबत पाठवते. कुठे चुकलं ते आडपडदा न ठेवता कळव.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग, तूही ठेव.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

अर्ज परत पाठवतो आहे. मी तो आधीच वाचला होता. परीक्षक मीच होतो.

दोन आठवडे कागद पुढ्यात घेऊन बसतो आणि उठतो. समितीत नावं गुप्त ठेवतात, म्हणून तुला बोललो नव्हतो. पण फॉर्मात एक रकाना होता, अर्जदाराशी काही नातं आहे का. 'आहे' लिहिलं असतं तर तुझा अर्ज दुसऱ्याकडे गेला असता, एवढंच. मी 'नाही' लिहिलं.

पक्षपात नको म्हणून कडक लिहिलं, अशी मी मनाची समजूत घालत होतो. ते खरं नाही. चहाच्या वेळी कोणीतरी तुमच्या अर्जातला फोटो सगळ्यांना दाखवला. दोन खोल्या, बुटांच्या खोक्यांत लावलेली पत्रं आणि चष्म्याला दोरी बांधलेली तू. सगळे हसले. मीही हसलो. तुझ्या नोकरीवर शिकलो मी, आणि ही माझी बहीण आहे हे सांगायची मला लाज वाटली.

तुमचं कुठेही चुकलं नव्हतं. उद्या समितीला सगळं लिहून देतो. त्यांनी मला काढलं तर काढू देत.

हवा तेवढा राग धर, फक्त पत्र थांबवू नकोस.

धाकटा

ता. ८ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तो मुद्दामच केला.

समितीने आमचा अर्ज नव्या परीक्षकाकडे दिला आहे. आधीच्या परीक्षकाचं अर्जदाराशी नातं निघालं, एवढंच कळवलंय. नाव दिलेलं नाही. ते पत्र मी कोशवाल्यांना दाखवलं. ते आढेवेढे घेत का होईना, पुन्हा टेबलाशी येऊन बसले. पुढचं अजून काही कळलेलं नाही.

तू खरं लिहून दिलंस, ते बरं केलंस. तुला सोपं गेलं नसेल.

काल कोशवाल्यांनी सहज विचारलं, आपल्याच माणसाबद्दल असं लिहिणारा कोण असेल, तुमच्या नात्यातला तर नाही ना. नाटकवाल्या बाईही माझ्याकडे बघत होत्या. तू माझा भाऊ आहेस हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी 'नाही' म्हणाले.

माया आटलेली नाही, पण इतक्यात येऊ नकोस.

ताई