सध्याच्या माणसालाही लागू

मी, मार्लिस व्होन्द्रा, वय अठ्ठावीस, मूळ गाव टॅनर्स फोर्ड, पश्चिम नेब्रास्का, सध्या मुक्काम वॉशिंग्टन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे.

उद्या, गुरुवारी सकाळी, माझ्या डोक्यात फुगलेली एक रक्तवाहिनी बांधायची आहे. जिचे डोकेच दुरुस्तीला काढले आहे तिची बुद्धी शाबूत होती कशावरून, असे पुढे कोणी विचारू नये म्हणून डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. त्यांनी मला देशाचे राष्ट्राध्यक्ष कोण, असे विचारले. मी नाव सांगितले आणि त्यांचे अधिकार कुठे संपायला हवेत तेही सांगू लागले. डॉक्टर म्हणाले, "पुरे, पुरे. शाबूत आहे."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करावे इतके काही जवळ नव्हतेही.

१. माझी बँकेतली सर्व शिल्लक माझी आई, अर्मा व्होन्द्रा, हिला मिळावी. तिने त्यातून माझे शिक्षणाचे सरकारी कर्ज फेडायला जाऊ नये. ते कर्ज माझ्याबरोबर संपते, याची मी नियम वाचून खात्री करून घेतली आहे. आई, तू घाबरून दुसऱ्याच दिवशी रांगेत उभी राहशील, म्हणून इतके स्पष्ट लिहिले. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे पदवीचे प्रमाणपत्र तू स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांच्या वर लावलेस. त्याला वाफ लागते असे मी दरवेळी म्हणत आले. आता म्हणत नाही. ते तिथेच राहू दे.

२. पिकअप गाडी माझा धाकटा भाऊ डुएन याला. पण गाडीत सीटच्या मागे ठेवलेली पान्यांची पेटी त्याला नाही. ती बाबांना परत द्यावी. बाबा बीटाच्या साखर कारखान्यात बॉयलर सांभाळतात. मी वॉशिंग्टनला निघाले तेव्हा त्यांनी ती पेटी गाडीत ठेवली आणि म्हणाले, "तिथे गाडी बंद पडली तर कोण ओळखणार आहे तुला?" डुएनच्या हातात पेटी गेली तर आठवड्यात विकली जाईल. आजोबांचे अकॉर्डियन त्याने असेच गाडीच्या टायरांसाठी विकले होते. त्याबद्दल मी त्याला माफ केले असे तो समजतो. केलेले नाही.

३. भांडीकुंडी आणि भरतकामाचा पडदा माझ्याबरोबर राहणारी ब्रिन हिला. फ्रिजमधले खसखस भरलेले गोड पाव तिने आजच संपवावेत.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझे वडील, एल्डन व्होन्द्रा, यांना व्यवस्थापक नेमते. त्यांचे अधिकार पुढीलप्रमाणे मर्यादित राहतील. तातडीची बाब असेल तर ते एकट्याने निर्णय घेऊ शकतील. परंतु असा निर्णय तीस दिवसच टिकेल. त्या मुदतीत आईने लेखी संमती दिली नाही, तर तो आपोआप रद्द होईल. आई काही न बोलता गप्प राहिली, तर ती संमती धरू नये.

हे कलम मी सकाळी बाबांना फोनवर वाचून दाखवले. त्यांच्या मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

"म्हणजे तुझ्या आईला विचारल्याशिवाय मी तुझी गाडीही हलवायची नाही?"

"हलवा. पण महिन्याभरात विचारा."

"अगं, मी काय पळवून नेणार आहे का? बाप आहे मी तुझा!"

"तुम्ही नाही नेणार, बाबा. पण हे कलम व्यवस्थापकाच्या खुर्चीसाठी आहे. तुमच्यानंतर त्या खुर्चीत डुएन बसेल."

भोंगा थांबला. मग बाबा म्हणाले, "राहू दे. आहे तसंच राहू दे."

५. माझ्या खोलीतल्या भिंतीवर एक पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे, "प्रवेश बंद. केंद्र सरकारचा ताबा." ती आजोबांच्या नदीकाठच्या कुरणावरची. मी शाळेत असताना एका राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली आणि सैन्याच्या सरावासाठी ते कुरण घेतले. एका हंगामापुरते, असे सांगितले. सैन्य दोन उन्हाळे आले, नंतर फिरकलेही नाही. आणीबाणी मात्र उठली नाही. दरवर्षी तिची मुदत एका सहीने वाढते. सही करणारे बदलले, एकदा ह्या पक्षाचे, एकदा त्या पक्षाचे. कुरण कोणीच सोडले नाही. आजोबा कुंपणाबाहेर पिकअप उभी करून आपल्याच गवताकडे बघत बसायचे. शेवटच्या वर्षी त्यांनी पान्याने ही पाटी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू शिकतेस ना? मग वाच, हे कुठे लिहिलंय ते."

मी वाचले. त्यासाठीच कायद्याच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यासाठीच आमच्या भागाचे संसदेतले प्रतिनिधी ऑरिन टेल्फर्ड यांच्या कार्यालयात नोकरी धरली. टेल्फर्ड साहेब जुन्या वळणाचे. सरकारने माणसाच्या दारात कमीत कमी वेळा यावे, असे मानणारे. त्यांच्यासाठी मी जे विधेयक लिहिले त्याचा गाभा वरच्या कलम ४ मध्ये आलाच आहे. राष्ट्राध्यक्षांनी पुकारलेली कोणतीही आणीबाणी तीस दिवसांनी आपोआप संपेल, संसदेने मतदान करून ती चालू ठेवली नाही तर. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये समोरच्या पक्षाचा माणूस होता. आमच्या पक्षाने टाळ्या वाजवल्या. संसदेची मुदत संपली आणि विधेयक तसेच मेले. आता ते नव्याने दाखल करायचे आहे, आणि आता व्हाइट हाउसमध्ये आमचा माणूस आहे. टाळ्या थांबल्या आहेत.

~~ही पाटी मी टेल्फर्ड साहेबांना देते.~~ (रद्द. कलम ८ पाहावे.)

६. आमचे कार्यालयप्रमुख ट्रेंट हॅस्किन्स यांना मी काहीही देत नाही. विसरून नव्हे, विचार करून. विधेयकाच्या शेवटी एक ओळ घालावी असा त्यांचा आग्रह आहे. "हा कायदा सध्याच्या राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द संपल्यावर लागू होईल." ही ओळ टंकायला मी नकार दिला. त्याच वादात बाहेर पडताना मी पायऱ्यांवर कोसळले आणि ती रक्तवाहिनी सापडली. तेव्हा एका अर्थी ट्रेंट यांचे माझ्यावर उपकार आहेत. तेवढ्याने हिशोब फिटला असे मी मानते.

७. माझ्या अंत्यविधीला कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. पोल्का नाचाची धून वाजवावी. अकॉर्डियन डुएनने कुठूनही परत मिळवून आणावे.

८. येथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे दुपारी लिहीत आहे.

जेवणानंतर टेल्फर्ड साहेब आणि ट्रेंट भेटायला आले. साहेबांच्या हातात त्यांची रुंद टोपी, ट्रेंटच्या हातात विधेयकाच्या दोन प्रती. एक ती ओळ असलेली, एक नसलेली. आमच्या सभागृहात विधेयक दाखल करायचे तर सदस्याने मूळ प्रतीवर स्वतः सही करून ती सचिवांच्या मेजाजवळच्या लाकडी पेटीत टाकावी लागते. उद्या दुपारी सभागृह सुट्टीवर जाते. साहेबांनी अजून कोणत्याच प्रतीवर सही केली नव्हती. माझ्याशी बोलल्याशिवाय करणार नाही, असे ते ट्रेंटला म्हणाले होते.

"बरी दिसतेयस," ट्रेंट म्हणाला.

"तुला खोटं बोलता येत नाही, ट्रेंट. कागद काढ."

साहेब पलंगाशेजारी बसले. "पोरी, सरळ सांगतो. व्हाइट हाउसचा निरोप आहे. ओळ घातली, तर आपले नेते विधेयक मतदानाला आणतील, आणि राष्ट्राध्यक्ष स्वतः सही करतील. नाही घातली, तर पुढच्या निवडणुकीत उमेदवारीसाठी आपल्याच पक्षातून माझ्यासमोर माणूस उभा राहील. म्हातारा झालो मी. एकदा तरी हा कायदा झालेला बघायचाय."

"होईल ना साहेब. आणि ह्यांची कारकीर्द संपली की नवा माणूस येईल. त्याचे लोक हीच ओळ मागतील, फक्त एकदाच म्हणून."

"अगं, पण आत्ता आपला माणूस आहे तिथे!" ट्रेंटचा आवाज चढला. "मिळतंय ते घ्यायचं सोडून आपण आपल्याच माणसाचे हात बांधायचे? जगात कोण करतं असं?"

डोके ठणकत होते. मी साहेबांना म्हटले, मला दोन साक्षीदार हवेत. इथल्या परिचारिकांना सही करायला मनाई आहे. ब्रिनला भांडी मिळतात, त्यामुळे तिची सही चालत नाही. ट्रेंटला काहीच मिळत नाही, त्यामुळे तो अगदी योग्य आहे.

"मला काहीच नाही?" ट्रेंट म्हणाला.

"कलम सहा वाच."

त्याने वाचले आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"आणि मला?" साहेबांनी विचारले.

"तुम्हाला आजोबांची पाटी आहे. पण साक्षीदार झालात तर ती मिळणार नाही. दोन्हींपैकी एकच."

साहेबांना ती पाटी हवी आहे, हे मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी भाषणात दाखवायला नेली होती, ती परत करायला त्यांनी किती टाळाटाळ केली! त्यांनी चष्मा लावला आणि हे सगळे पहिल्यापासून वाचत बसले. कलम ४ पाशी थांबले.

"सख्ख्या बापालासुद्धा?"

"माझा सगळ्यांत जास्त विश्वास त्यांच्यावरच आहे, साहेब."

"मग त्यांच्या नंतरच्यापासून लागू कर की. त्यांना कशाला जाच?"

"त्यांना सोडलं तर डुएन म्हणेल, मलाही सोडा. मी काय सांगू त्याला?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी विधेयकाच्या दोन्ही प्रती ट्रेंटकडून घेतल्या, मांडीवर ठेवल्या आणि वर टोपी पालथी घातली.

"साहेब, नेत्यांना संध्याकाळपर्यंत कळवायचंय," ट्रेंट म्हणाला.

"कळवू. आधी पोरीची सही होऊ दे."

म्हणून कलम ५ मधले शेवटचे वाक्य मी दोघांसमोर खोडले आहे. पाटी आता माझ्या जागी जो किंवा जी काम करेल त्याच्या किंवा तिच्या मेजासमोर लावावी. कुरण मोकळे झाले, तर ती उतरवून बाबांना द्यावी. ते तिचे काय ते करतील.

साहेब काय करतील, मला माहीत नाही. त्यांना कोणतीही अट घालण्याचा अधिकार या मृत्युपत्रात मी घेतलेला नाही. भूल उतरली तर मी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारेन. नाही उतरली, तर साहेबांनी काय केले ते बाबांना कळवावे. त्यांनी सकाळपासून दोनदा विचारले आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. सही खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत करत आहे.

सही : मार्लिस व्होन्द्रा
ठिकाण : वॉशिंग्टन, रुग्णालयातील खोली
दिनांक : २५ जून, बुधवार

साक्षीदार १ : ट्रेंट हॅस्किन्स. सही माझ्यासमोर झाली. मला काहीही मिळत नाही, हे मान्य.

साक्षीदार २ : ऑरिन टेल्फर्ड. सही माझ्यासमोर झाली. मुलगी शुद्धीत आहे, नको तितकी. पाटी गेली. सही केली, दोन्ही कागदांवर : हे मृत्युपत्र आणि विधेयक. दुसऱ्या कागदात ती ओळ नाही. उद्या मी तो स्वतः पेटीत टाकणार आहे. एल्डन यांना आजच फोन करतो.