चौथ्या रिळातली भागुबाई

मी, महबूब इमाम तांबोळी, वय ७८, राहणार शिरूर, पूर्वी इथल्याच टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर. माझ्यावर कुणाचा दाब नाही, डोकं जागेवर आहे, हात तेवढा थरथरतो. राजीखुशीने लिहून ठेवतो ते असे.

१. घर व बँकेतली शिल्लक माझी मुलं रिजवान आणि शायना यांना शरीयतीप्रमाणे मिळेल. त्यात मला शब्द घालायचा नाही.

२. माझा जुना प्रोजेक्टर आणि एका चित्रपटाचं चौथं रीळ दौंडच्या अनिता शितोळे यांना द्यावं. हे रीळ मी वितरक कंपनीला परत पाठवलं नाही. चोरीच ती. कारण सांगतो.

१९७७ साली सविता निंबाळकर ही चोवीस वर्षांची मुलगी दोन मित्रांना घेऊन केडगावजवळच्या वाडीवर चित्रपट करायला आली. हिरो नाही, गाणं नाही, तोंडाला रंग नाही. वाडीवरच्या भागुबाईला म्हणाली, "रोजच्यासारखं पाणी आणा." भागुबाई विहिरीच्या पायऱ्या उतरली, घागर भरून वर आली. तेवढं घेतलं. महिन्याभराने त्याच विहिरीत पाय घसरून ती गेली. अनिता तिची लेक, तेव्हा वर्षाची.

चित्रपट पुरा झाल्यावर त्याला शिरूरला तीन दिवस दुपारचे खेळ मिळाले. पहिल्या खेळाला भागुबाईची आई साखरबाई पुढं बसली होती. पडद्यावर भागुबाई विहिरीत उतरली आणि वर आलीच नाही. नुसत्या ओल्या पायऱ्या. सविता केबिनमध्ये धावत आली. "महबूबभाई, वर येताना घेतलंय मी तिला!" मशीन थांबवून पट्टी उजेडाला धरली. पट्टीवर भागुबाई वर येत होती. पुन्हा चालवलं, पुन्हा रिकाम्या पायऱ्या.

तेव्हा साखरबाई उठून उभी राहिली. "भागे, वर ये गं. पोर रडतीया."

भागुबाई वर आली. तिन्ही दिवस हेच झालं. बाकीचे डबे परत गेले, हे रीळ मी साखरबाईसाठी ठेवून घेतलं.

३. टॉकीजचे मालक गेणबाशेठ म्हणाले होते, "बाई पाणी भरती, त्याला तिकीट कोण काढनार?" पाच-सहा वर्षांत मुंबईच्या बड्या निर्मात्यांनी पुठ्ठ्याच्या विहिरी मोडल्या, खऱ्या गावांत कॅमेरे उतरवले, सवितासारख्या पोरापोरींच्या हाती मोठे चित्रपट दिले. गेणबाशेठ त्याच चित्रपटांना 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावत. ती पाटी माझ्याकडे आहे. त्यांच्या नातवांना द्यावी, 'पाणी भरणाऱ्या बाईलाही तिकीट निघालं' या निरोपासकट.

४. साखरबाई वारल्यापासून रीळ पेटीतच होतं. गेल्या साली अनिता आली. "मामा, मला आई बगायचीय." भर दुपारी पडदे ओढून चालवलं. पायऱ्या रिकाम्या झाल्या तशी तिने हाक मारली, "आई!" भागुबाई वर आली. तिच्या मागून, दुसरी घागर घेऊन, साखरबाई.

अनिता हसत होती. "आजी बरी दिसतीया न्हाई, मामा?"

रीळ तिचंच आहे, तिला मिळावं. एकच अट. मी गेल्यावर त्या पायऱ्यांपाशी मला कुणी हाक मारू नये.

शिरूर, ११ नोव्हेंबर २०२४.

सही: महबूब इमाम तांबोळी

समक्ष सह्या केलेले साक्षीदार:
सविता निंबाळकर, पुणे
मल्हारी दसगुडे, शिरूर