गवाहीची ओळ

अप्पा, परवा मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस झाली आणि यंदा आपल्या शेतात शंभरावर माणूस जेवलं. तुम्हाला खोटं वाटेल. तुम्ही होता तेव्हा येळवसेला आपल्याकडं आपण तिघं आणि शेजारचे मामा, बास, पाचवं ताट लागायचं नाही. पण मी डोकं लावलं. म्हटलं, या दिवशी नांदूरघाटच्या आसपासची सगळी माणसं तशीही घरदार घेऊन रानात असतात, कडब्याची खोपटासारखी कोप करून भज्जी-उंडे खातात, अंबील पितात आणि दुपारी घोरतात. तर घोरण्याच्या आधी दोन तास त्यांना सायन्स का दाखवू नये? मी मोबाईलवर निरोप फिरवला, आपल्या तुरीच्या रानात विज्ञान जत्रा आहे, लहानथोर सगळे या, येताना आपापली अंबील आणा. मामांनी तो निरोप कुणाकडून तरी वाचून घेतला आणि सकाळी सकाळी बांधावर येऊन म्हणाले, "जत्रा म्हणलीस बाई, मग रहाटपाळणा कुठं हाय?"

जत्रेमागचं खरं कारण मात्र आईला पटवणं हे होतं. तुम्ही गेल्यापासून चौदा वर्षं आपलं रान मामाच बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतात. मी पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हिरीजवळची दोन एकर घी. एक हंगाम. येळवसेला बघू. जमलं तर रान तुझं, न्हाई तर गपगुमान माघारी जा." मी तूर घेतली आणि तिच्यावर माझा मोठा प्रयोग केला, आंबट ताकाची फवारणी. फुलोऱ्यात तीन वेळा, पंप मामांच्या पाठीवर. आई म्हणायची, "माणसाला ताक मिळंना अन् ही तुरीला पाजती." पण तूर अशी लगडली की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघायचे. मला वाटलं, जत्रेत सगळ्यांसमोर ही तूर दाखवली की विषय संपला.

जत्रा मस्त झाली, अप्पा. शेळीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून आतलं गुरगुरणं ऐकायला एवढी रांग, की शेळीच शेवटी कंटाळून खाली बसली. बाटल्यांमध्ये पाणी घालून आपली माती, ओढ्याची माती आणि माळाची माती हलवून ठेवली होती. कोणती किती वेळात खाली बसते यावर दोन म्हाताऱ्यांची पैज लागली आणि ते जेवायलाही उठेनात. गोबरगॅसवर चहा चालू होता. सगळ्यात गर्दी मायक्रोस्कोपपाशी. कॉलेजातल्या मैत्रिणीकडून मागून आणलेला, जीव लावून सांभाळत होते. मी काचेवर अंबिलीचा थेंब ठेवला आणि बायांना बघायला लावलं. एक बाई डोळा लावून म्हणाली, "अगं बया, वळवळतंय की." मग कुणी अंबील पिईना. गाडगी भरलेली तशीच. मी आपली ओरडून सांगतेय की हे जंतू चांगले असतात, ह्यांच्यामुळंच आंबटपणा येतो, पण कोण ऐकतंय. तेवढ्यात मामांनी तांब्या तोंडाला लावला, घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "त्यांची बी येळवस हाय. जाऊ द्या आत." सगळे हसले आणि गाडगी फिरायला लागली. माझ्या अर्ध्या तासाच्या लेक्चरनं जे झालं नाही ते त्या एका तांब्यानं झालं.

हे सगळं चालू असताना मला सारखा सहावीतला दसरा आठवत होता. केजच्या इंग्लिश मीडियममध्ये मी नुकतं फोटोसिंथेसिस शिकलेले, आणि घरी आईचा घट बसलेला. देवघराच्या कोपऱ्यात अंधारात ती परडी, रानातली काळी माती, त्यात सात धान्यं. मला वाटतं, बिचाऱ्या रोपांना ऊन नाही. घट नऊ दिवस हलवायचा नसतो हे मला माहीत आहे, पण माझ्याकडं पुस्तक आहे. आई धुणं घेऊन हिरीवर गेली की मी परडी उचलून मागच्या अंगणात उन्हात ठेवते, दोन तासांनी परत जागेवर. रोज. दसऱ्याला सगळ्यांच्या घरी लांबसडक पिवळे धमक कोंब आलेत आणि आपल्याकडं हिरवेगार, बोटभर. आई कपाळाला हात लावून बसलीय. मी अभिमानानं सांगते की मीच केलं, उन्हामुळं झालं. आई रडायचीच बाकी. तुम्ही परडीपाशी उकिडवे बसलात, एक कोंब उपटून दातात धरलात. मला वाटलं देवाचं काहीतरी बोलणार. तुम्ही म्हणालात, "एकच परडी हुती अन् तीच हलवलीस. आता उनानं बुटके झाले, का बी खराब हुतं, का माती बदलली, कशावरून सांगशील?" मी म्हटलं, पुस्तकात आहे. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात आसंल. ह्या परडीत न्हाई. दुसरी परडी अंधारात ठिवली आस्तीस तर ती बोलली आस्ती." त्या वयात मला ते नुसतं रागावणं वाटलं. मग तुम्ही तेच बुटके हिरवे कोंब टोपीत खोचले आणि सोनं वाटायला गावभर फिरलात. पारावरचे विचारत होते, "अप्पा, तुरा हाय का कोथमीर?" आणि तुम्ही म्हणत होता, "पोरीनं पिकवलाय. वास घी."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कापसात नेलंत. एका ओळीच्या पहिल्या झाडाला आईच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा दुहेरी गाठीनं बांधलेला. त्या ओळीला तुम्ही खत टाकलं नव्हतं. नवीन काही केलं की दर वेळी एक ओळ तशीच सोडायची, ही तुमची रीत. लोक चिडवायचे, "एका वळीशी काय दुश्मनी हाय रं तुझी?" तुम्ही म्हणायचात, "दुश्मनी न्हाई. ती गवाह हाय. बाकीच्या वळी खरं बोलत्यात का लबाड, ते हिला इचारायचं." पुढं कॉलेजात आमच्या मॅडमनी कंट्रोल म्हणजे काय ते दोन तास शिकवलं. मी वहीत काही लिहिलं नाही. मला ते येत होतं.

येत होतं ना, अप्पा? मग ऐका. दुपार व्हायला आली तशी मी सगळ्यांना तुरीपाशी नेलं आणि ताकाचं सगळं सांगितलं, कसं आंबवलं, कितीदा फवारलं, शेंगा किती धरल्या. माणसं माना डोलवत होती. आई कोपीच्या दाराशी उभी राहून ऐकत होती, मी बोलत होते लोकांशी आणि बघत होते तिच्याकडं. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढं आली. दर हिवाळ्याला आपल्या पडीक तुकड्यात मेंढरं बसवतात त्या घरातली आजी. तिनं एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि विचारलं, "ब्येस हाय. अन् न फवारल्याली कोणची?"

मी म्हटलं, "आजी, सगळीच फवारली."

"समदीच? मग ताकानं आली का पावसानं आली, कसं कळावं? औंदा आमच्या तिकडं बी तूर लई हाय, अन् त्येंनी तर ताक सोताच पिलंय."

सगळे हसले. दोन एकर म्हणजे केवढी, त्यातलीही ओळ सोडायची म्हणजे जिवावर आलं होतं. यंदा एक एक शेंग मला पाहिजे होती. एवढंच कारण. बी.एस्सी. झालेली मी आणि परडी पुन्हा एकच. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आधी पूजा करून घेऊ, मग सांगते.

पूजा झाली. आई अंबिलीचं गाडगं कमरेवर घेऊन निघाली, लिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत. मामा पुढं, पोरं मागं, सगळी जत्राच तिच्या मागं. हिरीकडून चौथ्या ओळीपाशी आई थांबली, डहाळी खाली केली, ती ओळ ओलांडली आणि पलीकडं शिंपडायला लागली. मामा म्हणाले, "वैनी, एक वळ ऱ्हायली की."

"ऱ्हायली न्हाई, ठिवलीय," आई म्हणाली. "तिला ताक बी न्हाई अन् अंबील बी न्हाई. तुमालाच सांगितलं हुतं न्हाई का, फडकं बांधलंय तिथं पंप बंद करा म्हणून?"

मामा जीभ चावून म्हणाले, "सांगितलं हुतं. अन् पोरीला बोलू नका बी म्हणल्या हुत्या. म्हणून तर आता बी बोललो न्हाई."

पहिल्या झाडाला फडकं होतं. मळकं, रंग उडालेलं, पण गाठ तुमच्यासारखीच, दुहेरी. आई सगळ्यांकडं वळून म्हणाली, "हिच्या बापाची रीत हाय ही. गवाहीची वळ. हिला कावून सुचली न्हाई, द्येवाला ठावं. मोजा आता." अप्पा, चौदा वर्षांत आईनं तुमचं नाव काढलं की तिचा आवाज बसायचा. परवा बसला नाही. ती चक्क हसत होती. मग दहा झाडं ह्या ओळीतली आणि दहा शेजारच्या, सगळ्या पोरासोरांनी मिळून शेंगा मोजल्या. तीन वेळा. काही फरक नाही. होता तो चार-दोन शेंगांचा, आणि तोही फडकं बांधलेल्या ओळीच्या बाजूनं. मेंढरंवाली आजी म्हणाली, "तुझं ताक वाया गेलं गं बाई. पुढच्या साली माझ्याकडं दी." माणसं पोट धरून हसली. मी तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि मिटलं. मग मीही हसले, जरा उशिरा, पण सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मायक्रोस्कोप पुसत बसले होते. मामा कोपीचा कडबा सोडत होते. मनात म्हटलं, गेलं रान हातातून. आई आली, शेजारी टेकली आणि माझ्याशी नाही, मामांशी बोलली. "पुढच्या सालापासनं बटई नगं, भाऊ. पोरगी करल."

मामा म्हणाले, "ताक तर फुकट गेलं की वैनी."

"जाऊ द्या. चार माणसात चूक निघाली तर तोंड पाडलं न्हाई, हसली. लबाडी केली न्हाई. त्येंच्यावाणी हाय."

मामांनी मान हलवली, पेंडी खांद्यावर घेतली आणि जाता जाता मला म्हणाले, "मालकीणबाई, मजुरी रोजची रोज द्या बरं का." मी आनंदानं उडी मारायला पाहिजे होती, आणि मी तीच ती काच पुसत राहिले.

आता ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. मामा फवारून घरी गेले की मी दर वेळी संध्याकाळी तूर बघायला जायचे. ताक वाळलं की पानावर पांढरट ठिपके राहतात. पहिल्या फवारणीनंतर बघितलं, हिरीकडून चौथी ओळ कोरडी. मला वाटलं, मामांचा खांदा दुखतो, पंप तिथंच संपत असेल, आणि वडीलधाऱ्या माणसाला काय बोलायचं. मी गुपचूप तांब्याभर ताक कालवलं आणि छोट्या हातपंपानं ती ओळ स्वतः मारली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तर जरा जास्तच मारली, मागं पडू नये म्हणून. ते फडकं मला तिन्ही वेळा दिसलं, अप्पा. मला वाटलं बुजगावण्याचं उडून अडकलंय. तुमची गाठ मी ओळखली नाही.

म्हणजे फरक निघणार कुठून? ताकानं काम केलं का नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. गवाह मीच फोडला आणि शंभर माणसांनी त्याची गवाही खरी धरली. आई दोन दिवस गावभर सांगत फिरतेय, काय मोजलं, कसं मोजलं, तुम्ही कसं करायचात. मी तीनदा सांगायला गेले. एकदा ती भाकरी थापत तुमच्या टोपीतल्या कोथिंबिरीची गोष्ट शेजारणीला सांगत होती, तेव्हा तर उंबऱ्यातून परत फिरले. रान हातातून जाईल याची भीती आहेच, नाही म्हणत नाही. पण तिचं ते हसू जास्त नडतं.

तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही आता कशावरून म्हणून विचारणार नाही. हे पत्र घडी करून बियाण्याच्या डब्यात ठेवते, तुरीच्या बियाखाली. तो डबा मृगाला उघडतो, आणि आईच उघडते. तिला वाचायला वेळ लागतो, पण येतं. तोपर्यंत मी तोंडानं सांगायचं, असं ठरवलंय. फडकं मात्र आजच सोडून आणलं आणि धुतलं. धुतल्यावर थोडं लाल निघालं.